अत्याचाराबद्दल विचारायलाच हवे

जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त आपल्या पुरवणीत प्रसिद्ध झालेल्या लेखात, भूतकाळातील अत्याचाराचा विषय समुपदेशकाने स्वतःहून काढू नये, रुग्ण सांगेल तेव्हाच ऐकावे, असा सल्ला दिला आहे. तो मला मान्य नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालात ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचे लैंगिक शोषण सोसल्याचे सांगितले होते. ती मुले आज प्रौढ आहेत.

परिचारिका म्हणून काम करताना मी वारंवार पाहिले, की केसपेपरवर ‘झोप येत नाही, छातीत धडधडते’ एवढेच लिहिले जाते. शेजारी सासू किंवा नवरा बसलेला असतो आणि बाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत मान खाली घालून असते. तिने आपण होऊन तोंड उघडावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नैराश्यासारखी लक्षणे असलेल्या स्त्रीला जोडीदाराच्या हिंसेबद्दल विचारावे, पण एकांतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो तिला प्रश्नाआधीच समजावून सांगावा. रुग्ण अल्पवयीन असल्यास पोक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, हेही लपवू नये. उत्तर द्यायचे नसेल तर आग्रह न धरता पुढच्या भेटीत पुन्हा विचारावे. यासाठी आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक सरकारी मानसोपचार विभागात, दार लावून बोलता येईल अशी एक खोली तरी असावी.

– एक निवृत्त परिचारिका, सांगली