मित्रास पत्र : ‘टच ऑफ ईव्हिल’ची कोणती आवृत्ती घ्यावी?

प्रिय निखिल,

तुझं पत्र आलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर लिहायला बसलो. ‘टच ऑफ ईव्हिल’ कायमचा संग्रही ठेवायचाय म्हणतोस, पण तोच चित्रपट कुठे ९६ मिनिटांचा, कुठे १०८चा, कुठे १११चा. एका डब्यावर फोर-के (म्हणजे ब्लू-रेहूनही बारीक तपशिलाचं चित्र) लिहिलंय, एकावर ‘रिस्टोअर्ड’, एकावर पन्नासाव्या वर्षाची खास आवृत्ती. यातली खरी कोणती, असं तू विचारलंस. माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय काढलास, तेव्हा पत्र लांबणार हे गृहीत धर.

आधी एक सांगतो. डिस्क निवडताना सगळे चित्राच्या स्वच्छतेपासून सुरुवात करतात. बहुतेक चित्रपटांना ते चालतं, कारण संकलन एकच असतं. इथे मात्र आधी विचारायचं ते हे, की डिस्कवर कोणाचं संकलन आहे?

दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने १९५७ साली शूटिंग केलं, पण संकलन त्याच्या हातून गेलं. युनिव्हर्सल स्टुडिओने इतरांकडून चित्रपट नव्याने जुळवून घेतला आणि गोष्ट ‘समजावी’ म्हणून हॅरी केलर या दुसऱ्या दिग्दर्शकाकडून काही जादा दृश्यं घेतली. वर्षाच्या शेवटी हे जुळवलेलं रूप वेल्सला एकदा दाखवलं. त्यावर त्याने ५८ पानांचं टिपण लिहून दिलं. कुठला आवाज कुठून यावा, कोणत्या दृश्यामागे कोणतं दृश्य हवं, कोणता तुकडा नको, सगळं त्यात आहे. भांडणाचा सूर नाही. समजावणीचा आहे, जवळजवळ विनवणीचा. त्यातलं बरंचसं स्टुडिओने बाजूला ठेवलं आणि १९५८ साली सुमारे ९६ मिनिटांचा चित्रपट प्रदर्शित केला, तोही एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायचे त्यातला दुय्यम म्हणून.

ही झाली ९६ची. १०८ मिनिटांची प्रत १९७०च्या दशकाच्या मध्यात सापडली. प्रदर्शनाआधी प्रेक्षकांवर अजमावून पाहण्यासाठी केलेली ही आवृत्ती. ती लांब आहे म्हणून वेल्सच्या जास्त जवळची, असं पुष्कळांना वाटतं, आणि तिथेच फसगत होते. तिच्यात वेल्सचं चित्रण जास्त आहे हे खरं, पण केलरचंही जास्त आहे.

आणि १११ची १९९८ सालची. निर्माता रिक श्मिडलिन आणि संकलक वॉल्टर मर्च यांनी ते ५८ पानी टिपण समोर ठेवून, उपलब्ध चित्रणातून, शक्य तितक्या सूचना अमलात आणल्या. वेल्स १९८५ सालीच गेला होता. म्हणून हिला कुणी ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ म्हणालं तर मान्य करू नकोस. दिग्दर्शकाने स्वतः पूर्ण केलेली आवृत्ती या चित्रपटाला नाहीच. मर्चनेही तसा दावा केला नाही, आणि त्याच्या या सचोटीबद्दल मला फार आदर आहे.

आता फरक ऐक. हो, ऐकच. तो सुरुवातीचा शॉट तुला आठवतोच: मोटारीच्या डिकीत बॉम्ब, वर उचललेला कॅमेरा, सीमेकडे सरकणारी गाडी, तिच्या आगेमागे चालणारे मेक्सिकन अधिकारी वर्गास आणि त्याची बायको सुझन, तीन मिनिटांहून जास्त एकही कट नाही. तू जो पाहिलास त्यात या सगळ्यावर श्रेयनामावली होती आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत होतं. ते संगीत उत्तम आहे, मला आजही आवडतं. पण वेल्सला तिथे ते नको होतं. त्याला हवे होते रस्त्याचे आवाज: एकेका क्लबच्या दारातून येणारं वेगवेगळं संगीत, माणसं, गाड्यांचे रेडिओ. १९९८च्या आवृत्तीत नावं शेवटी गेली आणि हे आवाज आले. त्याने काय होतं सांगतो. बॉम्ब असलेली गाडी गर्दीत दिसेनाशी झाली तरी तिच्या रेडिओवरून ती कुठे आहे हे कळत राहतं. आवाज जवळ आला की आपण आक्रसतो. जुन्या आवृत्तीत आपण एक देखणा शॉट पाहतो, नव्या आवृत्तीत त्या रस्त्यावर असतो. मला विचारशील तर निर्णय इथेच झाला.

स्फोटानंतर नवरा एका बाजूला जातो, बायको दुसऱ्या बाजूला. वेल्सला या दोन धाग्यांत सतत ये-जा हवी होती, स्टुडिओने ते सलग तुकडे करून टाकले होते. १९९८मध्ये ती ये-जा परत आली आणि सुझनच्या एकटेपणाला धार आली. दुसरा बदल इतका छोटा की सहज निसटेल. क्विन्लन म्हणजे वेल्सनेच रंगवलेला भ्रष्ट पोलीस अधिकारी, आणि मेंझीस त्याचा जिवलग सहकारी. वर्गास मेंझीसला क्विन्लनच्या जुन्या प्रकरणांचे कागद दाखवतो, तिथला मेंझीसचा एक क्लोज-अप काढलाय. टिपणात वेल्सने कारण दिलं होतं चुकीच्या भिंगाचं. पण तो गेल्यावर मेंझीस त्या क्षणी कोसळत नाही, मित्राची बाजू लढवत राहतो. मग पुढे तो क्विन्लनच्या विरोधात उभा राहतो ते कुणी मन वळवलं म्हणून वाटत नाही. खुनाच्या जागी सापडलेल्या क्विन्लनच्या काठीचा पुरावा त्याला स्वतःला गिळता आला नाही म्हणून वाटतं. एक क्लोज-अप गेला आणि माणूस मोठा झाला!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. यापुढे पाहशील तेव्हा आधी १९९८ची पाहा. पण घेशील ती अशी घे, जिच्यात तिन्ही आवृत्त्या असतील. १९५८ची फेकून देण्याजोगी मुळीच नाही. सुरुवातीची कितीतरी वर्षं लोकांनी ज्या चित्रपटावर जीव टाकला तो त्याच रूपात होता. २००० सालच्या अमेरिकन डीव्हीडीत फक्त १९९८ची आहे, तेव्हा ती स्वस्त मिळाली तरी सोडून दे.

तू आणखी एक शंका काढलीस: पूर्वी टीव्हीवर पाहिलेलं चित्र चौकोनी होतं, नव्या डिस्कवर डोकं आणि पाय कापल्यासारखे वाटतात. तुझं निरीक्षण बरोबर आहे. फिल्मवर चित्र १.३७ प्रमाणात (म्हणजे रुंदी उंचीच्या १.३७ पट) टिपलं गेलं होतं, पण तेव्हाची थिएटरं वरखाली झाकून १.८५ दाखवू लागली होती. वेल्सच्या मनात काय होतं यावर जाणकार आजही भांडतात. ‘जास्त चित्र म्हणजे खरं चित्र’ हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण चौकोनी चौकटीत वर पुष्कळदा नुसती रिकामी जागा उरते. १.८५मध्ये क्विन्लनचा अजस्र देह चौकटीत मावत नाही असं वाटतं, आणि ते दडपण मला हवं असतं. पण तुझ्या डोळ्यांना चौकोनाची सवय असेल, तर इंग्लंडमध्ये २०११ साली ‘मास्टर्स ऑफ सिनेमा’ मालिकेत निघालेली ब्लू-रे शोध. त्यात १९५८ची आणि १९९८ची दोन्ही प्रमाणांत आहेत, शिवाय १०८ची १.८५मध्ये. इतका उदार संच क्वचित निघतो. तेवढं मागवण्याआधी डब्यावर रीजन (डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालते त्याची खूण) ए, बी की सी ते बघ आणि तुझा प्लेअर काय वाचतो ते तपास. फोर-के डिस्कना रीजनचं कुलूप नसतं, साध्या ब्लू-रेंना असू शकतं.

फोर-के आवृत्ती अमेरिकेत २०२२ साली निघाली, तिन्ही रूपांत, सगळी १.८५मध्ये. तिची खरी मजा ठिपक्यांच्या संख्येपेक्षा काळ्या रंगात आहे. रसेल मेटीचं छायाचित्रण म्हणजे अंधार आणि त्यात उघडझाप करणारे दिवे. डीव्हीडीवर अंधाराचा नुसता गोळा होतो. चांगल्या फोर-केवर काळ्यातसुद्धा काळ्याच्या पायऱ्या दिसतात, कोट भिंतीपासून वेगळा निघतो. पण त्यासाठी पडदाही तसा हवा. तुझा टीव्ही जुना असेल तर ब्लू-रेवर समाधानी राहा, हातचं फारसं जाणार नाही.

आणि ग्रेनला भिऊ नकोस. चित्रावर जी बारीक वाळू हलताना दिसते ती धूळ किंवा दोष नाही. फिल्म चांदीच्या कणांनीच बनते, चित्र त्या कणांतच असतं. काही कंपन्या ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून ती पुसतात आणि चेहरे मेणाचे होतात. वेल्सच्या त्या सुजलेल्या, घामेजल्या चेहऱ्याची त्वचा पुसली तर उरलं काय? टीव्हीतली चित्रावरची ही वाळू पुसणारी सोय (नॉइज रिडक्शन) आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद कर, नाहीतर एवढ्या मेहनतीने जपलेलं तुझा टीव्हीच घरी पुसून टाकेल.

मिनिटांवरून आणखी एक गोंधळ होईल. युरोपातल्या जुन्या डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटींनी धावतो. त्यामुळे १११ मिनिटांचा चित्रपट तिथे साधारण १०६ मिनिटांत संपतो. कापलेलं काही नसतं, सगळं चार टक्के घाईने घडतं आणि आवाज किंचित चढतो. एखाद्या डब्यावर १०६ दिसलं तर चौथी आवृत्ती सापडली असं समजू नकोस.

आवाज मूळचा मोनोच (एकाच वाहिनीचा) ठेवणारी डिस्क घे. जादा सामग्रीत मुलाखती वगैरे नसल्या तरी चालतील, पण वेल्सचं टिपण छापून दिलेलं असेल तर माझ्या दृष्टीने तो डबा दुप्पट मोलाचा. २००८ची पन्नासाव्या वर्षाची डीव्हीडी आणि २०१४ची अमेरिकन ब्लू-रे, दोन्हींत ते आहे आणि दोन्हींत तिन्ही आवृत्त्या आहेत. १९९८ची पाहून झाली की ते वाच आणि मग १९५८ची लाव. प्रत्येक सूचना कुठे डावलली गेली ते तुझं तुलाच दिसेल.

तर तुझ्यासाठी माझी निवड: पडदा चांगला असेल तर फोर-के, नाहीतर २०१४ची ब्लू-रे, आणि चौकोनी चित्राचा मोह सुटतच नसेल तर इंग्लंडची. कोणती मागवलीस ते कळव, आणि मेंझीसच्या त्या क्लोज-अपबद्दल तुझं मत माझ्यापेक्षा वेगळं निघालं तर जरूर सविस्तर लिही.

तुझा,
समीर