राखीव जागेत लकी ड्रॉची गाडी, दंड मात्र मला

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मॉलच्या पार्किंगचे कंत्राट असलेली कंपनी, पुणे

विषय : दिव्यांग वाहनचालकाकडून वसूल केलेला १,००० रुपयांचा पार्किंग दंड रद्द करून पूर्ण रक्कम परत करण्याबाबत

महोदय,

गेल्या शनिवारी संध्याकाळी आपल्या ताब्यातील बेसमेंट पार्किंगमध्ये माझ्या गाडीला जॅमर लावून माझ्याकडून १,००० रुपये घेण्यात आले. पावतीवर ‘राँग पार्किंग ५००, जॅमर काढणे ५००’ असे छापलेले आहे. मी मेलवर तक्रार केली. आपल्या कार्यालयाचे उत्तर आले की, ‘माणुसकीच्या दृष्टीने’ निम्मी रक्कम परत करू, आणि यापुढे दिव्यांग ग्राहकांनी प्रवेशद्वारापाशी उतरण्याच्या सोयीचा लाभ घ्यावा. हे निम्मे पैसे मला नकोत. दंडच चुकीचा असेल तर तो पूर्ण रद्द व्हायला हवा, आणि बरोबर असेल तर माझ्यावर उपकार करण्याचे काही कारण नाही.

मला लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायांत ताकद नाही. गाडी मी स्वतः चालवते. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताच्या दांडीवर घेतलेले आहेत, आरसीवर तशी नोंद आहे, लायसन्सही त्याच प्रकारचे आहे. गाडीत बहुतेक वेळा माझ्याशिवाय कोणी नसते. मग मी प्रवेशद्वारापाशी उतरल्यावर गाडी बेसमेंटमध्ये कोण नेणार? ग्राहकांच्या गाड्या लावून देणाऱ्या आपल्या व्हॅलेच्या मुलाला मी विचारून पाहिले आहे. दांडी पाहूनच त्याने सांगितले, ‘मॅडम, ही आपल्याला नाही जमणार.’ त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे, नको ती जोखीम त्याने का घ्यावी? पण आपल्या कार्यालयात बसून उत्तर लिहिणाऱ्याने मात्र दिव्यांग माणूस म्हणजे मागच्या सीटवर बसून येणारा, असे धरून टाकले आहे. माझी तक्रार वाचताना त्यातला ‘चालक’ त्यांना दिसलाच नाही.

आता त्या संध्याकाळचे. पहिल्या बेसमेंटमध्ये लिफ्टजवळ व्हीलचेअरचे चिन्ह रंगवलेल्या दोन जागा आहेत. एकीत फरशी पुसायचे यंत्र, बादल्या आणि लाल शंकू रचून ठेवले होते. दुसरीत रिबिनी बांधलेली कोरी एसयूव्ही उभी होती, लकी ड्रॉच्या बक्षिसाची. ती हलवा म्हटले तर ‘चावी मार्केटिंगवाल्यांकडे आहे’. (बक्षीस कुणाला लागले ठाऊक नाही, पार्किंग मात्र फुकट लागले.) मग तिथल्याच गार्डने शिट्टी वाजवत मला रांगेच्या टोकाला नेले आणि मी दोन चौकोनांमधल्या पट्ट्यावर गाडी लावली. त्यानेच ‘राहू द्या मॅडम, तुम्हाला दार उघडायला बरे’ असे म्हटले. पुढे ड्युटी बदलली असावी. दुसऱ्याने येऊन जॅमर लावला.

पट्ट्यावर का लावली, ते एकदा मापाने समजून घ्यावे. साधा चौकोन अडीच मीटर रुंद. माझी गाडी एक मीटर सत्तर सेंटीमीटरची. चौकोनात सरळ मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस सेंटीमीटर उरतात, आणि शेजारचा जरा चिकटून लावणारा असला की तेही जातात. व्हीलचेअर साठ-पासष्ट सेंटीमीटर रुंद असते. दार पूर्ण उघडून, शेजारच्या सीटवरची खुर्ची अंगावरून ओढून बाहेर काढायची, चाके बसवायची, ती दाराशी तिरकी लावायची आणि हातांच्या जोरावर तिच्यात सरकायचे. हे चाळीस सेंटीमीटरमध्ये करून दाखवणारा माणूस आपल्याकडे असेल तर मला त्याला भेटायचे आहे. म्हणूनच राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे बांधकामाच्या नियमांत, दिव्यांगांसाठी किमान ३.६ मीटर रुंदीच्या दोन जागा, त्याही प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत, सांगितल्या आहेत. त्या आपल्याकडे रंगवलेल्या होत्या. रिकाम्या नव्हत्या.

जॅमर पुढच्या उजव्या चाकाला लावला होता, म्हणजे नेमका माझ्या दारापाशी. त्याचा लोखंडी हात एवढा बाहेर आलेला होता की खुर्ची दाराला भिडेना, त्यामुळे गाडीत बसून वाट पाहण्याचीही सोय उरली नाही. ‘साहेब’ येईपर्यंत मी त्या धुरात खुर्चीवर बसून होते. साहेब आले, पावती फाडली, कार्ड घासून घेतले. राखीव जागांकडे चला, स्वतः पाहा, असे मी दोनदा म्हटले. ते आले नाहीत. त्या दोन्ही जागांचे वेळेसह फोटो मी काढून ठेवले आहेत.

रस्त्यावर गाडी टो करण्याचा किंवा चाक अडकवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ ने गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला दिला आहे. खासगी बेसमेंटमध्ये तो आपल्याकडे कोणत्या कायद्याने आला, ते कळवावे. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या नियमाचा आधार घेणार असाल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ७४ पाहावे. करार मोडला तरी वाजवी भरपाईच मागता येते, छापलेला आकडा आपोआप वसूल होत नाही. माझ्यामुळे आपले नुकसान फार तर एका जागेच्या तासाभराच्या भाड्याचे. इथे तर करार आधी आपण मोडला आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सरकारी कचेऱ्यांपुरता आहे, असा समज असल्यास तोही काढून टाकावा. लोकांचा वावर असलेली खासगी व्यापारी इमारतही त्यातल्या ‘सार्वजनिक इमारती’च्या व्याख्येत येते. मापे वगैरे नुसत्या शिफारशी आहेत, हे उत्तरही आता टिकणार नाही. सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना इमारत सहज वापरता यावी यासाठीचे, निकष केवळ शिफारसवजा ठेवणे या कायद्याला धरून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात म्हटले आहे. कायदा मोडल्यास कलम ८९ खाली पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढे पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ही पावती फाडणारे आपले साहेब नसतात, इतकाच फरक.

माझे म्हणणे असे. पूर्ण १,००० रुपये ज्या कार्डावरून घेतले त्यावर परत यावेत आणि माझ्या गाडीच्या नंबरापुढची ‘राँग पार्किंग’ची नोंद पुसली जावी. दोन्ही राखीव जागा आजच रिकाम्या कराव्यात, तिथे सामान किंवा जाहिरातीची गाडी ठेवणार नाही असे लेखी द्यावे, आणि त्या जागा अडलेल्या असतील तेव्हा दिव्यांग चालकाने गाडी कुठे लावायची, हे प्रत्येक ड्युटीच्या गार्डला सांगून ठेवावे. ज्या गार्डने मला जागा दाखवली त्याच्यावर कारवाई करू नये. त्या संध्याकाळी आपल्या कंपनीत डोके वापरणारा तो एकटाच होता.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी पुण्यातील राज्य दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. आयोगात एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मॉलच्या मालक कंपनीला आणि महापालिकेच्या बांधकाम विभागाला या पत्राची प्रत आजच पाठवली आहे, कारण मंजूर नकाशात त्या दोन जागा कशासाठी दाखवल्या आहेत हे मला त्यांच्याकडूनही हवे आहे.

उत्तर लेखी द्यावे. फोनवरचे ‘मॅडम, बघतो’ मी उत्तर धरणार नाही.

आपली,
(सही)

सोबत : दंडाची पावती, पार्किंग तिकीट, राखीव जागांचे आणि जॅमरचे फोटो, आरसी व यूडीआयडी कार्डाच्या (दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राच्या) प्रती, आपल्या कार्यालयाच्या मेलची प्रत