बाकरवडीबरोबर काळी कॉफी?

पुणे, रविवार रात्र

सुध्या,

आमच्या लेकीनं, मनूनं, आज तिच्या नव्या कॉफीच्या दुकानात काय ठेवायचं ते चाखायला घरी सगळ्यांना बसवलं. तिच्या भागीदारानं पहिल्याच बशीत काय आणावं? चितळ्यांची बाकरवडी आणि बिनदुधाची काळी कॉफी! तुझी हॉस्टेलची खोली डोळ्यांपुढे आली, आणि बाकरवडीबरोबर काळीच कॉफी हवी हा तुझा हट्टही. त्या पोराला तू पढवून पाठवलंस का रे?

माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आहे. बाकरवडीत चिंच आहे, तिखट आहे. ही मुलं बिया हलक्या भाजतात, त्यामुळे कॉफीतला आंबटपणा शाबूत राहतो. आंबटावर आंबट, वर गरम घोटानं तिखट आणखी झोंबतं. तीच बाकरवडी चिकोरीवाल्या, म्हणजे भाजलेल्या चिकोरीच्या मुळाची पूड घातलेल्या, दुधाच्या फिल्टर कॉफीबरोबर खा. दूध तिखट उतरवतं, चिकोरीनं कॉफीला दाटपणा येतो. आमच्याकडे तशी दिली की अख्खी पुडी तूच संपवायचास, आता नाही म्हणू नकोस.

पण खरी काळजी बाकरवडीची नाही. मनूनं नोकरी सोडून साठवलेलं सगळं यात घातलंय, आणि एरंडवण्यातली भाडी तुला माहीत आहेत. यादीत बाकी सगळं क्रोसाँ, चीजकेक, ब्राउनी. वाईट नाही ते. लोणी जिभेवर असलं की कडूपणा बोचत नाही. १९३५ पासून चालू असलेल्या 'गुडलक'मध्ये आपणही बन-मस्क्यावरच वाढलो. पण क्रोसाँ कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत असताना लोकांनी तिच्याकडेच का यावं?

मी आईची जायफळाची कॉफी सुचवली. पुरणात जायफळ, कॉफीत जायफळ, दोन्ही एकमेकांना ओळखतात. तळहाताएवढी पुरणपोळी, वर तूप, आणि बिनसाखरेची दुधाची कॉफी. पुरणापुढे गोड कॉफीसुद्धा फिकी लागते, म्हणून साखर नकोच, डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, मात्र दाट हवं. गुळपोळीला मॉन्सून्ड मलबार कॉफी. किनाऱ्यावरच्या पावसाळी वाऱ्यात ठेवून त्या बियांचा आंबटपणा बराच उतरलेला असतो, भाजलेल्या तिळाशी ती छान जमते. ज्यांना काळी कॉफी कडू लागते त्यांच्यापुढे खारे शंकरपाळे ठेवायचे. मिठानं कडूपणा दबतो. हलक्या भाजलेल्या चिकमगळूरच्या कॉफीबरोबर संत्रा बर्फी दे म्हटलं, तेव्हा मनूचे डोळे चमकले. सगळं लिहून घेतलं तिनं.

तेवढ्यात तो भागीदार म्हणाला, "काका, कॅफेत पुरणपोळी कोण मागणार?" मनू गप्प बसली. ते गप्प बसणं मला लागलं, सुध्या. आईच्या हातची कॉफी प्यायला रात्री दहाला गल्लीतली माणसं यायची, हे त्या पोराला कोण सांगणार? तू पाहिलंयस. मी बोललो तर तो बापाचा हट्ट होतो, तू बोललास तर ती ऐकेल. या आठवड्यात तिला फोन कर.

चिन्मयची बदली कुठे झाली? वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? माझा गुडघा बरा, साखर ताब्यात.

दुकान गणपतीआधी उघडायचंय, तेव्हा तू हवासच. येताना बंगळुरूच्या मल्लेश्वरमहून सत्तर-तीसची पूड आण, सत्तर टक्के कॉफी नि तीस टक्के चिकोरी, अर्धा किलो. आणि मनूशी फोनवर बोलताना काळ्या कॉफीचं तुझं मत चुकूनही तोंडातून काढू नकोस.

तुझा,
बाळ्या