गुलाबी पाणी पिवळं पडलं म्हणजे कॅन्सर बरा झाला असं नाही

मा. संपादक, स. न.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत आंबवलेल्या पदार्थांवर लेख आला, 'दह्यातले बॅक्टेरिया करणार कॅन्सरचा खात्मा' असं भलंमोठं हेडिंग, आणि दुपारपर्यंत त्याचा फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर तीनदा येऊन पडला. माझ्या बहिणीची केमो चालू आहे. संध्याकाळी काकू स्वतःच हजर, हातात वाटीभर दही आणि पर्समध्ये प्रोबायोटिक (म्हणजे जिवंत बॅक्टेरिया भरलेल्या) कॅप्सूलची बाटली. नेमका त्याच आठवड्यात बहिणीचा पांढऱ्या पेशींचा काउंट इतका खाली आलेला की डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, जिवंत बॅक्टेरिया असलेलं काहीही आम्हाला विचारल्याशिवाय द्यायचं नाही, कारण अशा वेळी हेच एरवी गरीब असलेले बॅक्टेरिया रक्तात शिरून इन्फेक्शन करू शकतात. तुमच्या अख्ख्या लेखात याबद्दल एक ओळ नाही. काकूंना नाही म्हणताना माझी काय अवस्था झाली ते जाऊ दे.

लेख खोटा होता असं मी म्हणत नाहीये. मी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलंय (पुढे नोकरी भलतीच केली ते सोडा), त्यामुळे हे प्रयोग कसे होतात ते जवळून बघितलंय. कॅन्सरच्या पेशी एका गुलाबी मीडियममध्ये, म्हणजे पोषक पाण्यात, वाढवतात, दुसरीकडे बॅक्टेरिया वाढवून त्याचं पाणी गाळून घेतात आणि ते या पेशींवर टाकतात. बऱ्याचदा गुलाबी रंग बघता बघता पिवळा पडतो, म्हणजे ॲसिड वाढलं, आणि ॲसिडने पेशी मरणारच, कॅन्सरच्या काय आणि चांगल्या काय. म्हणून नीट काम करणारे लोक आधी ते ॲसिड न्यूट्रल करून घेतात आणि मगच बॅक्टेरियाने बनवलेल्या पदार्थात खरंच काही दम आहे का ते बघतात. कधी कधी असतो पण. २०१६ मध्ये जपानी संशोधकांना लॅक्टोबॅसिलस केसी या बॅक्टेरियाच्या अशाच पाण्यात फेरिक्रोम नावाचा पदार्थ सापडला, त्याने आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी मेल्या आणि नॉर्मल पेशींना तुलनेने फारसं काही झालं नाही. भारीच आहे हे, पण पेशींवर आणि उंदरांवर.

आता नायसिनचं बघा, लेखात त्याचं बरंच कौतुक होतं. हा बॅक्टेरियानेच बनवलेला पदार्थ १९२८ पासून माहीत आहे, चीज वगैरे टिकवायला वापरतात. उंदरांच्या तोंडाच्या कॅन्सरवर त्याचा परिणाम दिसला हे खरं, पण डोस होता वजनाच्या किलोमागे ८०० मिलिग्रॅमपर्यंत आणि खाण्याच्या पदार्थात तो सहसा किलोमागे ३७-३८ मिलिग्रॅमपर्यंत असतो. म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला तेवढा एक डोस चीजमधून द्यायचा तर अर्धा किलोच्या वर चीज खाऊ घालावं लागेल! हा हिशोब करायला एमएस्सी लागत नाही, तो लेखात हवा होता.

आणि ब्युटिरेट (आतड्याला उपयोगी पडणारं एक फॅटी ॲसिड) दह्यातले बॅक्टेरिया देतात हे तर सरळ चूक आहे. दह्यातले बॅक्टेरिया लॅक्टिक ॲसिड बनवतात, ब्युटिरेट मुख्यतः आपल्या मोठ्या आतड्यातले दुसरेच बॅक्टेरिया बनवतात आणि तेही आपण खाल्लेल्या फायबरपासून. आतड्याच्या नॉर्मल पेशी ते इंधन म्हणून जाळतात, कॅन्सरच्या पेशींचा जोर ग्लुकोजवर असतो म्हणून त्यांच्यात ते साचतं आणि त्यांची वाढ रोखतं, असा त्यामागचा विचार आहे.

माणसांवरची माहिती नाहीच असं पण नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लाखाहून जास्त लोकांचा कित्येक वर्षांचा अभ्यास आला, त्यात एकूण आतड्याच्या कॅन्सरशी दह्याचा ठळक संबंध दिसला नाही, पण ज्या गाठींमध्ये बिफिडोबॅक्टेरियम नावाचा बॅक्टेरिया सापडला तेवढ्या प्रकाराचं प्रमाण आठवड्यातून दोनदा किंवा जास्त वेळा दही खाणाऱ्यांत २० टक्क्यांनी कमी होतं. हा नुसता संबंध आहे बरं का, दह्यामुळेच झालं असं नाही, आणि कॅन्सर झाल्यावर दही खाऊन तो बरा होतो याच्याशी तर याचा काडीचा संबंध नाही. उलट २०२१ मध्ये मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) इम्युनोथेरपीवर, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचारावर, जे काम झालं त्यात फायबर भरपूर खाणाऱ्या पेशंटना जास्त फायदा दिसला आणि प्रोबायोटिक दिलेल्या उंदरांवर त्याच उपचाराचा परिणाम कमी झाला. काकूंच्या पर्समधल्या बाटलीवर हे कोण छापणार? (आंबवलेलं ते सगळं चांगलं म्हणाल तर दारू पण आंबवूनच होते, आणि ती जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत आहे.)

तेव्हा विनंती एवढीच, खुलासा छापा, तो रविवारच्याच पुरवणीत, त्याच पानावर आणि तेवढ्याच मोठ्या हेडिंगने, आतल्या पानावर कोपऱ्यात नको. केमो चालू असताना जिवंत बॅक्टेरियाचं काहीही डॉक्टरांना विचारूनच, ही ओळ ठळक टाका. कात्रण काकूंना मी स्वतः नेऊन देईन, कॅप्सूलची बाटली पण परत करायची आहे.

आपली,
एक नियमित वाचक