कार्डाची पाठ पण छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या पोस्टकार्डांवरून इंग्रज राजाच्या राज्याभिषेकाची गोष्ट सांगितलीत, मस्त वाटलं, आमच्याकडे ते पान दुपारपर्यंत या हातातून त्या हातात फिरत होतं. पण दोन गोष्टी खटकल्या, त्या लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एक तर फोटोखाली छापलंय ‘पंचम जॉर्जचा दिल्लीतला राज्याभिषेक’. अहो राज्याभिषेक लंडनला झाला, वेस्टमिन्स्टर ॲबीत, २२ जून १९११ ला. (२२ जून म्हटलं की पुण्याच्या माणसाला वेगळंच आठवतं, १८९७ ची गणेशखिंडीतली रात्र आणि रँड, पण ते असो.) दिल्लीत १२ डिसेंबरला झाला तो दरबार, तिथे स्वारी मुकुट घालूनच आली. तो मुकुट पण नवा, कारण तिकडचा मुकुट देशाबाहेर न्यायचा नाही असा नियम, मग सहा हजारांच्या वर हिरे जडवून दुसरा घडवला, खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीतून, आणि आता तो टॉवर ऑफ लंडनमध्ये काचेआड.

दुसरी तक्रार खरी. सगळ्या कार्डांची फक्त चित्राची बाजू छापलीत. मी रिटायर झाल्यापासून बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात जातो, बायको म्हणते रद्दी विकायला जातात लोक, तुम्ही आणायला जाता. तर तिथे एक शिकलो, कार्ड हातात आलं की आधी उलटं करायचं. पाठ सलग असेल, म्हणजे फक्त पत्त्यापुरती, तर कार्ड जुनं, कारण तेव्हा त्या बाजूला मजकूर लिहायची परवानगीच नव्हती, लोक चित्राच्या कडेकडेने बारीक अक्षरात कोंबायचे. मधे रेघ मारून दोन भाग केलेले असतील तर नंतरचं. आणि पाठ एकदम पांढरीशुभ्र असली तर बहुतेक परवाच कुठेतरी छापलेलं, पैसे खिशातच ठेवा.

माझ्याकडे सातव्या एडवर्डचं एक कार्ड आहे, राजा-राणी, झेंडे, सगळा थाट आणि खाली तारीख २६ जून १९०२. त्या दिवशी काही झालंच नाही! दोनच दिवस आधी राजाचं अपेंडिक्सच्या दुखण्यासाठी ऑपरेशन करावं लागलं, सोहळा गेला ९ ऑगस्टवर, छापलेली कार्डं मात्र तशीच राहिली. या सोहळ्यासाठी आपले शाहू महाराज विलायतेला गेलेले, आणि २६ जून म्हणजे त्यांचा जन्मदिवस. तिकडे राज्याभिषेक अजून व्हायचाच होता आणि इकडे २६ जुलैला करवीरच्या, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या, गॅझेटात त्यांचा हुकूम छापून आला, मागासलेल्या वर्गांना निम्म्या जागा राखून ठेवण्याचा. मला तर ते कार्ड बघितलं की एडवर्डपेक्षा तोच हुकूम आठवतो.

आता मुख्य कार्ड. पुढे पंचम जॉर्ज पदकंबिदकं लावून, आणि पाठीवर पाव आण्याचं राखाडी तिकीट, त्यावर वडील एडवर्ड, जे १९१० लाच वारलेले, म्हणजे दर्शनी बाजूला मुलगा आणि टपालखर्च बापाच्या नावावर. शिक्का मुंबईचा, डिसेंबर १९११, पत्ता शनिवार पेठेतला. मजकूर सगळा मोडीत. मला मोडीचा म पण येत नाही, पुतणी भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकली, तिने दोन संध्याकाळी बसून लावलं. राजा २ डिसेंबरला मुंबईत उतरला होता, त्यामुळे आता काहीतरी मोठं वर्णन निघणार म्हणून आम्ही सगळे चहा घेऊन बसलो, तर निघालं काय, की बादशहा आले म्हणतात, गर्दी फार, आम्ही गेलो नाही. हरीचा ताप उतरला. थंडी पडली आहे तरी जाड गोधडी येणाऱ्या माणसाबरोबर पाठवणे.

मला सांगा, हे सोडून नुसते हत्ती-घोडे आणि शामियाने काय छापायचे?

कार्ड हवं असेल तर स्कॅन करून पाठवतो, दोन्ही बाजू. एकच बाजू छापणार असाल तर राहू दे.

एक नियमित वाचक,
सदाशिव पेठ, पुणे