हवेचं बिल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरोघरी पाण्याचे मीटर बसवावेत, हा आपल्या अंकातला लेख वाचला. लेखकमहाशयांना एकच विचारायचं आहे: पहाटे नळ येतात तेव्हा आपण जागे असता का?

मीटरला माझा विरोध नाही. नर्मदा आपल्या इंदुरात नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर येते, तीही घाट चढून, ४०० मीटरहून जास्त उंच. तिला वर आणायला वीज लागते, हे ‘नर्मदेचं पाणी इंदूरला आणा’ म्हणून झालेलं १९७०चं आंदोलन लहानपणी पाहिलेल्या इंदूरकराला कुणी शिकवायला नको. समोरच्या घराची टाकी तासभर गच्चीवरून वाहते आणि महिन्याचा आकार त्यांना नि आम्हाला सारखाच, हेही मला मुळीच पटत नाही.

पण माझी फजिती ऐका. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंशी पाण्याच्या पैशांवरून सारखी कुरबुर व्हायची, म्हणून मी पदरमोड करून त्यांच्या लाइनीवर मीटर बसवला. त्यांची टाकी ५०० लिटरची. दिवसाआड नळ, म्हणजे महिन्यात पंधरा वेळा भरणार. फार तर साडेसात हजार लिटर, साडेसात युनिट. मीटरनं दाखवले अकरा! मी सरळ आरोप केला की तुम्ही मध्येच कुठेतरी दुसरी तोटी काढली आहे. बोलाचाली झाली. पुढच्या नळाला पहाटे पाच वाजता त्या बाईंनी मला हाक मारून वर नेलं. तोटी सोडलेली, खाली कोरडी ठणठणीत बादली, पाइपातून नुसतं फुस्स फुस्स, आणि मीटरचं चक्र भिरभिरतंय! पाणी बऱ्याच वेळानं आलं. त्या म्हणाल्या, ‘‘काका, हवेचेही पैसे घेता का?’’

मी काय बोलणार? त्या महिन्यापासून पुन्हा निम्मे-निम्मे. मीटर अजून तिथेच आहे, शोभेला.

नळ गेले की पाइप रिकामा होतो, त्यात हवा शिरते. पुन्हा पाणी सुटलं की आधी ती हवा घरात ढकलली जाते, आणि चक्राला हवा काय नि पाणी काय, फिरण्याशी मतलब. चोवीस तास भरलेल्या लाइनीत हा घोळ होत नाही. तेव्हा आधी लाइन भरलेली ठेवा, तोवर निदान ठिकठिकाणी हवा सोडणारे व्हॉल्व्ह लावा, आणि मग खुशाल मीटर आणा. स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिला नंबर काढणाऱ्या गावाला एवढं जड जाऊ नये. लाइनीला थेट मोटर लावून शेजाऱ्याच्या वाट्याचं ओढणाऱ्यांबद्दल मात्र लेखात चकार शब्द नाही. का बरं?

जाता जाता, आपला अंक हल्ली आठनंतर पडतो आणि नळाच्या दिवशी नेमका ओल्या अंगणात. हा लेख मी दोरीवर वाळवून वाचला. पत्राला एक दिवस उशीर झाला तो त्यामुळे.

आपला,
एक जुना वर्गणीदार
रामबाग, इंदूर