एलपी धुवा, पण मळके पाणी खाचेत वाळू देऊ नका

मा. संपादक,
स. न.

पावसाळा सरला की कपाटातल्या एलपी (प्लास्टिकच्या लाँग-प्ले ग्रामोफोन तबकड्या) बाहेर निघतात आणि त्यांवर बुरशीचे पांढुरके ठिपके दिसतात. मग ओले फडके फिरवून तबकडी पंख्याखाली वाळवली जाते. वरून ती चकचकते, पण खाचेतला मळ पाण्यात सुटतो आणि पाणी उडाल्यावर तिथेच बसतो. करकर होती तशीच राहते. तबकड्या धुण्याच्या व्हॅक्यूम मशीनचा खरा उपयोग इथे आहे: हे यंत्र मळके पाणी वाळण्याआधीच नळीने ओढून घेते.

द्रावण घरी करता येते. ८०० मिलि डिस्टिल्ड वॉटर, २०० मिलि शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे (पाणी सगळीकडे सारखे पसरवणाऱ्या द्रव्याचे) दोन-तीन थेंब. थेंब वाढवले तर खाचेत थर राहतो आणि सुईच्या टोकाला चिकट गोळा जमतो. नळाचे किंवा आरओचे पाणी नको, त्यातले क्षार मागे उरतात. जखमेवर लावायचे स्पिरिटही नको, त्यात इतर द्रव्ये मिसळलेली असतात.

एका बाजूला साधारण ५ मिलि द्रावण पुरते. लेबल कोरडे ठेवून ते मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने पसरावे. बुरशी असेल तर दोन-तीन मिनिटे मुरू द्यावे, मात्र वाळू देऊ नये. मग यंत्राची नळी टेकवून सक्शन सुरू करावे. नळीच्या फटीला लावलेली मखमली पट्टी तबकडीवर नीट बसली की मोटरचा आवाज बदलतो. तबकडीचे दोन फेरे पुरेत, फार तर तीन. त्यापुढे कोरडी मखमल प्लास्टिकवर घासत राहते, स्थिर वीज तयार होते आणि नुकत्याच धुतलेल्या तबकडीवर धूळ झेपावते. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने एकदा खळबळून पुन्हा ओढून घ्यावे.

सर्वाधिक हयगय नळीच्या मखमली पट्ट्यांबाबत होते. त्यात अडकलेला वाळूचा एक कण पुढच्या प्रत्येक एलपीवर ओरखडा काढू शकतो. दर तबकडीनंतर पट्ट्या ब्रशने झाडाव्यात, पहिल्या तबकडीआधी किंचित ओल्या कराव्यात आणि लव चपटी झाली की बदलाव्यात. बुरशीच्या तबकड्यांसाठी वेगळा ब्रश ठेवावा. टाकीतले पाणी त्याच दिवशी ओतून टाकावे. मोटर तापते, म्हणून थांबून थांबून काम करावे.

७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्यांबाबत मात्र कळकळीची विनंती आहे. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एलपीचे द्रावण त्यांवर पडले तर खाचा कायमच्या जातात. त्यांना अल्कोहोलविरहित द्रावणच वापरावे आणि भिजत ठेवू नये. शिवाय त्यांतल्या बहुतेक १० इंची असतात. १२ इंची नळीची फट त्यांच्या कडेबाहेर उघडी राहते, हवा गळते, सक्शन पडते. त्यांना आखूड नळी लागते.

यंत्र महाग आहे आणि घरटी वर्षातून एकदाच लागते. संगीत मंडळे व ग्रंथालयांनी ते सामायिक घ्यावे, ते चालवायला एक माहितगार माणूस नेमावा आणि लाखेच्या तबकड्यांचे द्रावण वेगळ्या रंगाच्या बाटलीत ठेवावे. धुतलेली तबकडी जुन्या, बुरशी लागलेल्या आतल्या कागदी पाकिटात परत घालू नये. नवे पाकीट त्याच वेळी द्यावे.

— एक संग्राहक, ठाणे